वणव्यानंतरचे जंगल विद्यार्थ्यांसह कसे अभ्यासावे

जळालेले जंगल एकदाच पाहिले, तर विद्यार्थ्यांच्या मनात केवळ विनाशाचे चित्र राहते. त्यामुळे त्याच जागी वर्षभरात तीन-चार वेळा जाता येईल, अशी आखणी सुरुवातीलाच करावी.

आधी वनविभागाची लेखी परवानगी घ्यावी आणि जमीन पूर्ण थंड झाल्याची खात्री त्यांच्याकडूनच करून घ्यावी, कारण वरची आग विझल्यावरही जमिनीखालची मुळे कित्येक दिवस धुमसत राहू शकतात. जळालेली उभी झाडे वाऱ्याने अचानक कोसळतात. म्हणून जोराचा वारा असेल त्या दिवशी भेट रद्दच करावी. जाड तळाचे बूट आणि राखेपासून बचावासाठी मास्क आवश्यक आहेत.

जळालेल्या आणि शेजारच्या न जळालेल्या भागात, उतार व माती सारखी पाहून, १ मीटर लांबी-रुंदीच्या काही चौकटी दोरीने आखाव्यात, खुंट्या ठोकाव्यात आणि ठरावीक जागेवरून छायाचित्र घ्यावे.

त्यानंतर माती तपासावी. राख अलगद सारून कोरड्या मातीवर पाण्याचे थेंब टाकावेत आणि वेळ मोजावी. थेंब ५ सेकंदांहून अधिक काळ तसाच राहिला, तर ती माती पाणी झिडकारते असे समजतात. पालापाचोळा जळताना निघालेली मेणचट द्रव्ये वाफ होऊन खाली उतरतात आणि थंड थरात मातीच्या कणांवर बसतात, त्यामुळे पाणी मुरण्याऐवजी उतारावरून माती घेऊन वाहते. हा थर वरच असेल असे नाही. दोन-तीन सेंटिमीटर खालीही थेंब टाकून पाहावा. न जळालेली मातीही कधी कधी पाणी झिडकारते, म्हणून दोन्हीकडची नोंद हवीच.

पुढच्या भेटींत, विशेषतः पावसानंतर, चौकटीतील हिरवे कोंब मोजावेत. बुंध्यातून वा मुळांतून आलेले धुमारे आणि बियांपासून उगवलेली रोपे यांची गणती वेगळी ठेवावी, कारण जंगल सावरण्याच्या या दोन निराळ्या वाटा आहेत. माती उष्णता फारशी खाली जाऊ देत नाही, म्हणून खोलवरची मुळे आणि बिया तगतात. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९८८ च्या वणव्यांनंतर लॉजपोल पाइनची दाट रोपे उगवली, कारण त्या झाडाचे अनेक शंकू (बिया असलेली फळासारखी बोंडे) राळेने बंद असतात आणि आगीच्या उष्णतेनेच उघडतात.

ओळख पटवण्यासाठी रोप उपटू नये. पानांचे चित्र काढून घ्यावे आणि पुढच्या भेटीत तेच रोप पुन्हा शोधावे.