वावरातलं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, ते या झडीत पाहून घ्या

काटोलच्या वावरातून वाहणारं पाणी जाम नदीतून वर्धेत जातं, हिंगण्याकडचं वेणेतून वर्धेतच. पारशिवनीचं पेंच-कन्हानच्या वाटेनं अंभोऱ्याला वैनगंगेत पोचतं. गडचिरोलीत वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, ती गोदावरीला मिळते. म्हणजे आपल्या नागपूर जिल्ह्याचं पाणी कोणत्याही अंगानं उतरलं तरी शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. ते जाणारच; प्रश्न एवढाच की जाण्याआधी आपल्या जमिनीत किती दिवस थांबतं.

हिशोब करून पाहा. एका एकरावर 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर दोन लाख लिटर पाणी पडलं. दहा हजार लिटरचे वीस टँकर! नागपूरला वर्षाला साधारण हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. तरीही काटोल-नरखेडच्या संत्रा पट्ट्यात उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात, कारण तिथला उपसा मुरण्यापेक्षा जास्त आहे. खाली काळा पाषाण आहे. पाणी मुरमात आणि दगडाच्या फटींत जेवढं मावतं, तेवढंच साठतं.

काळ्या जमिनीचा स्वभावही ओळखला पाहिजे. उन्हाळ्यात भेगा पडलेल्या असतात, पहिले पाऊस त्यांतून थेट खोल जातात. माती फुगून भेगा मिटल्या की मुरण्याचा वेग एकदम घटतो. म्हणून जूनमधला 40 मिलिमीटर पाऊस आणि जुलैच्या झडीतला 40 मिलिमीटर पाऊस सारखा नाही. दुसऱ्यातलं बरंचसं पाणी नाल्यालाच जातं.

तेव्हा जोराचा पाऊस ओसरला की फावडं घेऊन धुऱ्यानं, म्हणजे बांधानं, फिरा. विजा कडाडत असतील तर मात्र घरीच थांबा. शेजारच्या वावरातून पाणी कुठे शिरतं, कुठे तुंबतं, कुठल्या कोपऱ्यातून बाहेर पडतं, ते पाहा. बाहेर पडणारं पाणी गढूळ दिसलं तर तुमची सुपीक माती चालली आहे. त्या जागी दगड रचा, वरच्या बाजूला गवत राखा. धुरा फोडून पाणी खालच्याच्या वावरात सोडू नका. दोघांनी मिळून नाल्यापर्यंत एक चर काढला तर भांडण आणि नुकसान दोन्ही टळतं.

पेरणी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच करा, आणि उताराला आडवी. सोयाबीनसाठी पट्टापेर चांगली: सहा ओळींनंतर सातवी ओळ खाली ठेवायची आणि डवरणीच्या (कोळपणीच्या) वेळी तिथे सरी पाडायची. पावसात खंड पडला तर सरीत मुरलेली ओल पिकाला पुरते, झडी लागली तर जादा पाणी तिथूनच निघतं. फवारणीला चालायलाही वाट मिळते. पऱ्हाटीत (कपाशीत) महिना-सव्वा महिन्यानं डवऱ्याला दोरी गुंडाळून सऱ्या काढा. त्यासाठी वेगळा खर्च नाही, म्हणून हे काम टाळू नये असं आग्रहानं सांगतो.

संत्र्याचं उलट आहे. तिथे पाणी अडवण्यापेक्षा काढण्याची घाई करा. भारी जमिनीत मुळांशी पाणी साचलं की हवा मिळत नाही, मूळकूज आणि डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लागतो. दोन ओळींआड उताराच्या दिशेनं चर काढा. बुंध्याला बोर्डो मलम लावायचं राहिलं असेल तर उघडीप मिळताच लावा. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी.

बागेतून निघालेलं हे पाणी नाल्याला सोडण्याआधी शेततळ्यात वळवा. विहिरीत सोडायचं असेल तर थेट कधीही सोडू नका. गाळ झरे बुजवतो आणि फवारणीची औषधंही पाण्याबरोबर उतरतात. विहिरीपासून थोड्या अंतरावर खड्डा करा, तळाशी मोठे दगड, त्यावर गिट्टी, वर जाड रेती भरा आणि खड्ड्याच्या तळातून पाइप विहिरीत काढा. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाजूनं जाऊ द्या, आणि रेतीवर गाळाचा थर धरला की तो खरवडून काढा.