होडीतून समुद्रात गळ टाकायचाय? सामान थोडं घ्या, गाठ आधी शिका

पंचगंगेत आणि राधानगरीच्या धरणावर हात बसलेली आपल्याकडची मंडळी फोंडा घाट उतरून मालवणला जातात ती नदीचंच सामान घेऊन. रोहू-कटल्याचा तो गळ खाऱ्या पाण्यात एक दिवस टिकतो, दुसऱ्या दिवशी गंजायला लागतो. म्हणून समुद्राचं सामान वेगळं ठेवा. किनाऱ्यापासून दोन-चार किलोमीटरच्या आत, छोट्या होडीतून मासे धरायला जे लागतं तेवढंच इथं सांगतो. जायचं ऑक्टोबर ते मे. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना बंदी असते आणि समुद्रही खवळलेला असतो.

रॉड साडेसहा ते सात फुटांचा, मध्यम ताकदीचा. दहा फुटी रॉड किनाऱ्यावरून लांब फेकायला ठीक आहे. होडीत तो शेजाऱ्याच्या टोपीला लागतो. रील, म्हणजे दोरी गुंडाळायची चकरी, 4000 नंबरचं (मध्यम आकाराचं) स्पिनिंग, खाऱ्या पाण्यासाठी बनवलेलं. पैसे वाचवायचे तर रॉडमध्ये वाचवा, रीलमध्ये नको.

आता दोरी. "मासा मोठा, मग दोरी जाड घ्या" असं दुकानात हमखास सांगतात. ऐकू नका. जाड दोरीला प्रवाह ओढून नेतो आणि शिसं तळाला पोचतच नाही. 20 पौंडांची, म्हणजे साधारण 9 किलो ताण सोसणारी, बारीक धाग्यांची विणलेली दोरी, जिला ब्रेड म्हणतात, पुरते. मात्र स्पूलवर (रीलच्या ज्या भागावर दोरी गुंडाळतात त्यावर) आधी साध्या नायलॉनचे दहा-बारा वेढे घ्या. नाहीतर ब्रेड स्पूलवर नुसती फिरत राहते आणि तुम्हाला वाटतं रील बिघडलं.

ब्रेड ताणाला पक्की असते, पण खडकाला घासली की क्षणात तुटते. म्हणून तिच्या पुढं मीटरभर 40 पौंडांची फ्लोरोकार्बन लीडर, म्हणजे घासणं सोसणारी गळाकडची दोरी, जोडायची. नवखा माणूस हरतो तो इथंच. मीही हरलो. देवगडला पहिल्या वर्षी एका सकाळी दोन तांबोशी लागल्या आणि दोन्ही गेल्या. दोरी तुटली असं मी धरून चाललो आणि पुढच्या खेपेला जाड दोरी घेऊन गेलो. तिसरा मासा गेला तेव्हा ब्रेडचं टोक हातात घेऊन नीट बघितलं. ते कुरळं होतं, डुकराच्या शेपटीसारखं. टोक कुरळं आलं की गाठ सुटली. खरखरीत, पिंजलेलं आलं की खडकाला घासली. सपाट कापलेलं आलं की दातांनी कापली. दरवेळी टोक बघा, दोष कुठं आहे ते कळतं.

नेहमीची नायलॉनची गाठ ब्रेडवर टिकत नाही, कारण ब्रेड गुळगुळीत असते. ब्रेड आणि लीडर जोडायला एफजी नावाची गाठ उत्तम आहे, पण हलत्या होडीत ती नवख्याला जमत नाही. "एफजी नाही तर काहीच नाही" म्हणणाऱ्यांकडे सध्या दुर्लक्ष करा आणि डबल युनी ही सोपी गाठ शिका. दोन्ही दोऱ्यांची टोकं उलट दिशांनी वीतभर एकमेकांवर ठेवा. लीडरचं टोक मागं वळवून फास करा आणि फासाच्या आतून दोन्ही दोऱ्यांभोवती चार वेढे घ्या. दुसऱ्या बाजूनं ब्रेडचेही तसेच, पण आठ वेढे. ब्रेडला चार वेढे दिले तर ती निसटणारच; माझी चूक नेमकी हीच होती. मग गाठ थुंकीनं ओली करा आणि सावकाश आवळा. कोरडी ओढली की घर्षणानं तापते आणि लीडर तिथंच कमजोर होते. शेवटी दोन्ही मुख्य दोऱ्या ओढून दोन गाठी एकमेकींना भिडवा. हाताला फडकं गुंडाळून जोरात ताण देऊन बघा. उघड्या हातावर ब्रेड कधीच गुंडाळू नका, कातडी कापते. घरी जेवणाच्या टेबलावर ही गाठ वीस वेळा बांधा, मगच घाट उतरा.

ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की किती जोरावर दोरी सोडायची ते ठरवणारा रीलचा ब्रेक, अंदाजानं आवळू नका. सामान तोलायचा हुकाचा काटा दोरीला लावून ओढा. सव्वादोन किलोच्या आसपास दोरी सुटायला हवी.

बाकी सोपं आहे: 1/0 ते 4/0 मापाचे सर्कल गळ (टोक आत वळलेले), स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी), 30 ते 90 ग्रॅमची शिशाची वजनं, कोळंबी किंवा बांगड्याचे तुकडे, लांब पक्कड, बर्फाची पेटी. सुरमईची आशा असेल तर गळाआधी वीतभर तार लावा, सुरमई लीडर दातांनी कापते. लाइफ जॅकेट अंगात हवं, बाकाखाली नको. उलटीची गोळी होडीत चढायच्या तासभर आधी घ्या. मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही.

शिंगाळा लागला तर हातानं धरू नका, त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा विषारी असतो. पकडीनं गळ काढा, किंवा होडीवाल्या मामांना द्या.

घरी आल्यावर, कितीही दमला असाल तरी, त्याच रात्री ड्रॅग घट्ट करून रील नळाच्या बारीक धारेखाली धुवा. जोराच्या पाण्यानं नको, मीठ उलट आत शिरतं. फडक्यानं पुसा आणि ड्रॅग सैल करून सावलीत ठेवा.