नेटकॅटसारख्या टूलला वेबसॉकेट शिकवायचं तर

इलेक्ट्रिक गाड्यांचे चार्जर मुख्य सर्व्हरशी ओसीपीपी नावाच्या प्रोटोकॉलने बोलतात, आणि त्याची १.६ जेसन ही आवृत्ती वेबसॉकेटवर चालते, म्हणजे एकदा जोडलं की दोन्ही बाजूंना कधीही निरोप पाठवता येणाऱ्या कनेक्शनवर. चार्जर क्लायंट, ऑफिसातली मशीन सर्व्हर. मी सर्व्हरच्या बाजूला काम करते. भिंतीला ठोकलेला थ्री फेजचा चार्जर काही टेबलावर आणून ठेवता येत नाही. म्हणून टर्मिनलवर एक ओळ लिहिली की ती चार्जरच्या नावाने सर्व्हरकडे जावी आणि उत्तर समोर छापून यावं, एवढंच हवं होतं.

तयार टूल्स आहेत. कर्ल या टर्मिनलवरून यूआरएल उघडणाऱ्या टूलच्या लायब्ररीत वेबसॉकेट ७.८६.० मध्ये (ऑक्टोबर २०२२) प्रायोगिक म्हणून आलं आणि ८.११.० पासून (नोव्हेंबर २०२४) रीतसर झालं. नवीन काही लिहायला बसला असाल तर सरळ तीच लायब्ररी घ्या. पण आमच्याकडे नेटकॅटसारखं, म्हणजे टर्मिनलवरून नेटवर्कवर मजकूर पाठवणारं, सीमध्ये लिहिलेलं, टीसीपी आणि टीएलएस (एन्क्रिप्शन) जाणणारं जुनं टूल होतं; टाइमआउट, प्रॉक्सी, लॉग सगळं त्यात मुरलेलं. असं टूल तुमच्याकडेही असेल तर पुढचं वाचा. भाषा गो असो की रस्ट, अडचणी त्याच येतात.

हँडशेक

हँडशेक म्हणजे कनेक्शन जोडतानाची ओळखपाळख. वेबसॉकेटचे नियम आरएफसी ६४५५ या दस्तऐवजात आहेत, डिसेंबर २०११ चे. सुरुवात साध्या एचटीटीपी १.१ च्या गेट विनंतीने होते. त्यात अपग्रेड आणि कनेक्शन हे हेडर, आवृत्ती १३, आणि एक की: १६ रँडम बाइट, बेस६४ करून २४ अक्षरं. सर्व्हर त्या कीला आरएफसीत दिलेली ३६ अक्षरांची ठरलेली ओळ जोडतो, एसएचए-१ काढतो आणि बेस६४ करून परत पाठवतो. तुम्हीही तेच गणित करून ताडून बघायचं. ती ३६ अक्षरं हाताने टाइप करू नका, आरएफसीतून कॉपी करा. ताडायला नमुना की आणि तिचं उत्तर विभाग १.३ मध्ये दिलेलं आहे.

उत्तर १०१ (प्रोटोकॉल बदलायला होकार) नसेल तर पुढे जायचं नाही. आलेली स्टेटस ओळ एररच्या आउटपुटवर छापा. ४०१ आला तर बहुधा पासवर्ड चुकलाय, ४०४ आला तर यूआरएल. ओसीपीपीत यूआरएलच्या शेवटी चार्जरची ओळख असते. त्या ओळखीत स्पेस किंवा तिरकी रेघ असली आणि ती एन्कोड केली नाही, की माणूस तासभर भलतीकडेच शोधत बसतो.

सबप्रोटोकॉलचा, म्हणजे वेबसॉकेटवर कोणती भाषा बोलायची ते हँडशेकमध्ये मागण्याचा, पर्याय पहिल्या दिवसापासून ठेवा. ओसीपीपीत तो मान्य झाला नाही तर सर्व्हर हँडशेक पूर्ण करतो, उत्तरात तो हेडर देत नाही आणि लगेच कनेक्शन बंद करतो. वरवर पाहता सगळं यशस्वी, आणि पुढच्या क्षणी लाइन गायब. टूलने इथे स्पष्ट सांगावं: ‘सबप्रोटोकॉल मागितला, मिळाला नाही’.

टीएलएसमध्ये एएलपीएन (कनेक्शन जोडतानाच पुढचा प्रोटोकॉल ठरवण्याची सोय) वापरत असाल तर वेबसॉकेटसाठी फक्त एचटीटीपी १.१ सुचवा. एचटीटीपी २ सुचवलं आणि सर्व्हरने ते उचललं, तर हा जुना अपग्रेड तिथे चालत नाही.

आता खरी मेख. १०१ च्या हेडरच्या पाठोपाठ, त्याच रीडमध्ये, सर्व्हरची पहिली फ्रेम (वेबसॉकेटवर निरोप ज्या तुकड्यांत जातो तो तुकडा) येऊ शकते. रिकामी ओळ सापडली की बफर फेकून देणारा कोड ती फ्रेम गिळतो. लोकल मशीनवर चाचणी करताना हे कधी दिसतं, कधी नाही. हेडर संपल्यानंतर उरलेले बाइट फ्रेम वाचणाऱ्या बफरमध्ये गेलेच पाहिजेत.

फ्रेम

पहिल्या बाइटमध्ये सर्वांत वरचा बिट ‘हा शेवटचा तुकडा’ सांगतो आणि खालचे चार बिट ऑपकोड: १ मजकूर, २ बायनरी, ० आधीच्या मजकुराचा पुढचा तुकडा, ८ बंद, ९ पिंग (‘आहेस का?’), १० पाँग (त्याचं उत्तर). दुसऱ्या बाइटमध्ये मास्कचा बिट आणि सात बिटांची लांबी. १२५ पर्यंत लांबी तिथेच मावते. तिथे १२६ असेल तर पुढचे दोन बाइट वाचा, १२७ असेल तर आठ. बाइटक्रम नेटवर्कचा. आठ बाइटांतून आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवून मेमरी मागू नका. आधी कमाल मर्यादा तपासा आणि ओलांडली असेल तर १००९ (निरोप फार मोठा) कोड देऊन बंद करा.

क्लायंटने पाठवलेली प्रत्येक फ्रेम मास्क केलेली हवी: चार रँडम बाइट, आणि मजकुराचा प्रत्येक बाइट त्यांच्याशी आळीपाळीने एक्सऑर. हे गुप्ततेसाठी नाही, ते चार बाइट तर सोबतच जातात. मधल्या जुन्या प्रॉक्सींना वेबसॉकेटचा मजकूर एचटीटीपी वाटून त्यांची कॅशे बिघडवता येते असं २०१० मध्ये दिसलं. फायरफॉक्स ४ आणि ऑपेरा यांनी तेव्हा वेबसॉकेट बंदच ठेवलं होतं. त्यावरचा हा उपाय. म्हणून ते चार बाइट दर फ्रेमला नवे आणि अंदाज न येणारे हवेत. लिनक्सवर गेटरँडम वापरा. मास्किंग मूळ बफरवर करू नका, वेगळी प्रत घ्या. नाहीतर लॉगमध्ये कचरा छापला जातो.

चाचणीसाठी देवनागरी उत्तम. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, मात्रा आणि हलन्तसुद्धा. ‘नमस्कार’ म्हणजे सात चिन्हं, २१ बाइट. ४२ चिन्हं लिहिली की बरोबर १२६ बाइट होतात, म्हणजे लांबी दोन बाइटांत जायला लागते ती सीमा. लांबी अक्षरांत मोजणारा कोड इथे लगेच उघडा पडतो. इंग्रजी मजकुरावर तो वर्षभर सुखाने चालला असता. दुसरी सीमा ६५,५३५ आणि ६५,५३६ मध्ये आहे, तीही तपासा.

मजकूर तुकड्यांत आला तर तुकडा अक्षराच्या मधोमधही तुटू शकतो. म्हणून यूटीएफ-८ ची तपासणी तुकड्यावर न करता पूर्ण निरोप जुळल्यावर करा. आणि तुकड्यांच्या मध्येच पिंग येऊ शकतो. त्याला लगेच, तोच मजकूर देऊन पाँग करा, पण जुळत असलेल्या बफरला हात लावू नका.

दोन तोंडं

टूल एकाच वेळी कीबोर्डकडे आणि सॉकेटकडे कान देऊन असतं. पोलवर (कुठे काही आलंय ते सांगणाऱ्या सिस्टिम कॉलवर) दोन्ही लावले की झालं असं वाटतं, पण टीएलएस असेल तर फसगत होते: आलेले बाइट ओपनएसएसएल या टीएलएसच्या लायब्ररीने आधीच स्वतःच्या बफरमध्ये ओढून घेतलेले असतात, सॉकेट रिकामा दिसतो आणि पोल झोपून राहतो. पोलवर परत जाण्याआधी ‘आता आणखी नाही’ असं उत्तर येईपर्यंत वाचत राहा.

इनपुटची एक ओळ म्हणजे एक निरोप, शेवटचा न्यूलाइन काढून. मजकूर छापताना न्यूलाइन लावा, बायनरीला लावू नका. मुख्य आउटपुटवर फक्त आलेले निरोप. पिंग, पाँग, हँडशेकची हकीकत सगळी एररवर. दर निरोपानंतर फ्लश करा, नाहीतर पाइपमध्ये जेक्यू (जेसन वाचणारं टूल) जोडलेला माणूस रिकाम्या स्क्रीनकडे बघत बसेल.

एको कमांडने एक ओळ पाइपमधून दिली की इनपुट तत्काळ संपतं. त्याच क्षणी कनेक्शन बंद केलंत तर हार्टबीट (‘मी आहे’ सांगणारा चार्जरचा निरोप) जातो, पण उत्तर यायच्या आत दार लागतं. नेटकॅटच्या काही आवृत्त्यांत यासाठी क्यू पर्याय असतो, तसाच द्या: इनपुट संपल्यावर इतके सेकंद थांब, मग १००० (नेहमीसारखं बंद) कोड पाठव, सर्व्हरच्या बंद-फ्रेमची थोडी वाट पाहा आणि बाहेर पड. बंद १००० ने झालं तर एक्झिट कोड शून्य, बाकी सगळं शून्येतर. १००६ वायरवर कधीच पाठवायचा नसतो. लाइन न सांगता तुटली हे तुम्ही स्वतःशी नोंदवायचं.

मध्ये एन्जिनएक्स हा प्रॉक्सी असेल तर सर्व्हरकडून ६० सेकंद काही आलं नाही की तो मूळ सेटिंगमध्ये कनेक्शन तोडतो. दर ३० सेकंदांनी आपण पिंग केला की सर्व्हरचा पाँग परत येतो आणि लाइन टिकते. मात्र हा पर्याय मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवा, कारण कनेक्शन का तुटतंय हेच बघायला लोक असं टूल वापरतात.

कॉम्प्रेशन (आरएफसी ७६९२) मी घातलं नाही. मागितलं नाही तर सर्व्हर ते लादत नाही, आणि लॉगमध्ये बाइट वाचता येणं मला जास्त मोलाचं.

शेवटी ऑटोबान टेस्टसूट या वेबसॉकेटच्या चाचणीसंचाचा सर्व्हर डॉकरमध्ये चालवा आणि टूलमध्ये आलेलं जसंच्या तसं परत पाठवणारा एक मोड ठेवा. त्यातले १२ आणि १३ हे चाचण्यांचे गट कॉम्प्रेशनचे, ते सोडा. ६ व्या, म्हणजे यूटीएफ-८ च्या गटात नापास होत असाल तर तुकडे जुळवणारा बफर पुन्हा तपासा.