फर्स्ट इयरची हाडं: नागपूरला एमबीबीएसला नवीन आलेल्यांसाठी

अॅडमिशन झाल्या झाल्या ज्युनिअर्सचे मेसेज सुरू होतात की ताई हाडं पाठच होऊन नाही राहिली, काय करू. पहिले दोन महिने माझंही तेच होतं. 206 हाडं, प्रत्येकाच्या बॉर्डर, सरफेस, ट्यूबरकल, आणि मी हॉस्टेलवर कूलरसमोर बसून नुसती घोकत होते. मग पहिल्या इंटर्नलच्या व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मॅडमनी फिब्युला, नडगीशेजारचं बारीक हाड, हातात दिला, कोणत्या बाजूचा सांग म्हणाल्या. अटॅचमेंट, म्हणजे कोणता स्नायू कुठे चिकटतो, सगळ्या तोंडपाठ होत्या पण हाड धरायचं कसं हेच माहीत नाही, उलटा धरला मी. मॅडमनी माझं बोट खालच्या टोकावर ठेवलं, इथे गुळगुळीत त्रिकोणी फॅसेट, सांध्याची सपाट जागा, आहे ना ती आतल्या बाजूला, तिच्या मागे खड्डा आहे तो मॅलिओलर फोसा. फॅसेट आत, खड्डा मागे, बाजू निघाली. बोटाला कळलेलं ते आजपर्यंत विसरले नाही.

म्हणून आधी सिनिअरकडून बोन सेट मिळवा. हाड स्वतःच्या अंगाला लावून धरा, बाजू काढा, मगच पुस्तक उघडा. खडूने ओरिजिन (स्नायू सुरू होतो ती जागा) लाल, इन्सर्शन (तो जिथे जाऊन चिकटतो) निळं रंगवा, धुतलं की जातं.

आणि प्रत्येक गोष्टीला काऊन विचारा. मांडीच्या हाडामागची खरखरीत रेघ, लिनिया अॅस्पेरा, ती तिथे काऊन आहे? कारण मांडीचे केवढे तरी स्नायू तिथे चिकटतात. न्यूट्रिएंट फोरामेन, म्हणजे हाडाला पोसणारी रक्तवाहिनी आत शिरते ते भोक, हाताच्या हाडांत कोपराकडे वळलेलं, पायात गुडघ्यापासून लांब, कारण वाढणारं टोक नेहमी त्याच्या उलट बाजूला असतं. फीमरची, म्हणजे मांडीच्या हाडाची, साधारण 70 टक्के वाढ गुडघ्याकडून होते, हे कळलं की पाठ करायला उरतंच काय.

सेटमधलं हाड वाळलेलं असतं म्हणून आपण विसरतो की हाड जिवंत असतं. रविवारी मटणाची नळी आणली तर शिजवायच्या आधी दोन मिनिटं बघा. वरचा पातळ पापुद्रा नखाने सुटतो तो पेरिऑस्टियम, हाडाची जाडी त्याच्याखालून वाढते. मधली भिंत घट्ट, टोकाला जाळी, आत मगज. आणि चिकनचं बारीक हाड व्हिनेगरमध्ये चार-पाच दिवस ठेवा, कॅल्शियम निघून जातं, कोलॅजन राहतं, हाड चक्क वाकतं. कडकपणा कोणाचा आणि चिवटपणा कोणाचा ते तिथेच समजतं.

ऑसिफिकेशन, म्हणजे कोणतं हाड कधी बनतं, सगळं लक्षात राहणार नाही, दोन हाडं मात्र सोडू नका. क्लॅव्हिकल, हासळीचं हाड, आईच्या पोटात पाचव्या-सहाव्या आठवड्यात सगळ्यात आधी हाड व्हायला लागतं, आणि त्याचंच आतलं टोक पंचविशीच्या आसपास सगळ्यात शेवटी जुळतं. दुसरं, फीमरच्या खालच्या टोकाचं सेंटर, म्हणजे हाड बनायला सुरुवात होते तो ठिपका, नवव्या महिन्यात दिसतं, बाळ पूर्ण दिवसांचं होतं का हे फॉरेन्सिकमध्ये त्यावरून बघतात.

आता रक्तपुरवठा. हा पॅरा सगळे सोडतात, मीही सोडला होता. आपल्या विदर्भात सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार खूप आहे. विळ्यासारख्या वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, तान्ह्या बाळाचे हात-पाय सुजतात ते हाडाला रक्त न मिळाल्याने, आणि मोठेपणी फीमरचं हेड, म्हणजे खुब्यात बसणारा गोळा, मरू शकतं. पुढे ऑर्थोच्या पोस्टिंगला विशीतला एक मुलगा लंगडत आला होता, एक्सरेत हेड पार चपटं झालेलं. हेडला मुख्य रक्त मिडिअल सर्कमफ्लेक्स फीमोरल आर्टरीच्या फांद्यांतून येतं आणि त्या हेडखालच्या मानेला चिकटून वर जातात, एवढी एक ओळ मी फर्स्ट इयरला न वाचता पलटली होती. आज रात्री सेटमधला फीमर घ्या, मान टेबल लॅम्पखाली धरा आणि हळूहळू फिरवा, बारीक बारीक भोकं दिसतील, रक्तवाहिन्या तिथूनच आत जायच्या.