रेल्वे संग्रहालयातील रूळ आणि जुनी बांधकामे कशी पाहावीत

नाशिकहून रेल्वे संग्रहालय पाहायला गेलेली मंडळी बहुधा इंजिनांपुढे छायाचित्रे काढून परततात. ती इंजिने ज्या रुळांवर उभी आहेत, त्यांच्याकडे कोणी वाकूनही पाहत नाही. नागपूरला मोतीबागेतील नॅरोगेज संग्रहालयासाठी विदर्भ किंवा सेवाग्राम एक्स्प्रेस सोयीची पडते. दिल्लीचे १९७७ साली सुरू झालेले राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय सोमवारी बंद असते, हे आरक्षणापूर्वीच ध्यानात घ्यावे.

आवारात प्रेक्षकांना फिरवणारी छोटी गाडी असेल, तर तिच्यात आधी बसावे, म्हणजे सिग्नल कोठे, इंजिनात पाणी भरण्याचा नळ कोठे हे एका फेरीत कळते आणि पुढची पायपीट वाया जात नाही. उतरल्यावर रुळांमधील अंतर ताडून पाहावे: ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर, मीटरगेजचे १००० आणि नागपूरकडच्या नॅरोगेजचे ७६२.

मग रुळाच्या उभ्या बाजूवर मोबाइलचा प्रकाश तिरका टाकावा. गंजाखालून कारखान्याचे नाव, साल आणि वजनाचा आकडा उठून दिसतो. ९० असा आकडा असल्यास तो रूळ यार्डाला नव्वद पौंड भरतो. खाली लाकडी स्लीपरांऐवजी (रुळांखालच्या आडव्या ठोकळ्यांऐवजी) उपड्या कढयांसारखे बिडाचे भांडे-स्लीपर आढळले, तर दोन भांड्यांना जोडणारी लोखंडी पट्टीही पाहावी, कारण रुळांमधील अंतर तीच राखते.

खांबावर हलणारी पट्टी म्हणजे ‘हात’ असलेल्या सिग्नलपाशी मात्र घाई करू नये. खाली पडणारा हात आडवा असेल तर गाडीने थांबायचे आणि झुकला तर निघायचे, एवढे पुष्कळांना ठाऊक असते. खरी मेख खांबावरच्या वजनात आहे. सिग्नल चालवणाऱ्या केबिनमधून येणारी तार तुटलीच, तर त्या वजनामुळे हात आपोआप आडवा होतो आणि गाडी थांबते. तारेचा माग काढत केबिनपर्यंत जावे. तिथले सिग्नल हलवणारे खटके ओढण्यापूर्वी मात्र तेथील कर्मचाऱ्यांची परवानगी घ्यावी.

बिघाड गृहीत धरूनच केलेली अशी योजना आपल्या कसारा घाटातही आहे. तेथे चढ सदतीसास एक (सदतीस मीटर अंतरात एक मीटर उंची) इतका तीव्र असल्याने गाडीला मागून जादा इंजिने लावतात, आणि उतरणीवर ताबा सुटलेल्या गाडीसाठी चढाचा वेगळा फाटा ठेवलेला असतो. तो गाडीच्या खिडकीतूनच पाहावा. रुळांवर उतरणे धोक्याचे आणि बेकायदाही आहे.

इंजिनाचे तोंड उलट दिशेला वळवणाऱ्या फिरत्या टेबलाच्या खड्ड्यात मधला खुंट शोधावा. वाफेचे इंजिन त्यावर नीट तोलून उभे केले, तर माणसे ढकलूनही त्याचे तोंड फिरवू शकत. कल्याण–इगतपुरी मार्गावर १९३० साली वीज आली आणि दोन्ही टोकांना चालककक्ष असलेल्या विजेच्या इंजिनांना या टेबलाची गरज उरली नाही.