बाळाच्या बाप्तिस्म्याला आजी-आजोबा आले की सगळ्यांना झेपेल असं फिरणं कसं आखावं

बाप्तिस्म्यासाठी आजी-आजोबा राहायला आले की घरात दोन टोकांच्या वयाची माणसं एकत्र येतात. एकीकडे दर दोन-तीन तासांनी दूध लागणारं बाळ, दुसरीकडे दुपारी जरा आडवं व्हावंसं वाटणारे वडीलधारे. मधल्या पिढीला वाटत राहतं, एवढ्या लांबून आलेत तर सगळं दाखवायलाच हवं. मला ते पटत नाही. ते आलेत नातवंडासाठी. म्हणून बाहेर पडायचं ते त्यांना बाळाला घेऊन निवांत बसता यावं यासाठी. एवढं मनाशी पक्कं केलं की कुठे जायचं, किती वेळ थांबायचं आणि काय सोडून द्यायचं, हे ठरवणं सोपं जातं.

१. आधी मोकळे दिवस ठरवा

कॅलेंडर घ्या आणि बाप्तिस्म्याच्या तारखेवर खूण करा. कॅथलिक चर्चमध्ये हा संस्कार शक्यतो रविवारी होतो. त्याआधी आई-वडील आणि धर्ममाता-धर्मपिता (गॉडमदर-गॉडफादर) यांची तयारी करून घेतली जाते, ती कधी आहे तेही विचारून लिहून ठेवा. आता बाप्तिस्म्याचा आदला दिवस पूर्ण मोकळा सोडा. त्या दिवशी पाहुणे येतात, कपड्यांना इस्त्री होते आणि काही ना काही आयत्या वेळी उगवतंच. संस्कारानंतरची संध्याकाळही मोकळी हवी.

आजी-आजोबा परदेशातून विमानाने आले असतील तर वेळेतला फरक भरून काढायला शरीराला ढोबळमानाने तासाला एक दिवस लागतो. सुरुवातीचे दोन-तीन दिवस त्यांना फक्त दिवसाउजेडी घराजवळ थोडं चालवून आणा. त्या उजेडाने झोपेचं चक्र लवकर ताळ्यावर येतं.

उरलेल्या दिवसांत एक दिवस बाहेर, एक दिवस घरी. आणि बाहेर पडायचं त्या दिवशी ठिकाण एकच. दुसरं ‘वाटेतच आहे’ म्हणून जोडू नका. बहुतेक बिघाड तिथेच होतो.

२. पहिली फेरी चर्चची करा

बाप्तिस्म्याच्या दोन-तीन दिवस आधी, चर्चमध्ये गर्दी नसेल अशा वेळी आजी-आजोबांना तिथे घेऊन जा. ही फेरी बहुतेक जण करत नाहीत, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत मोलाची असते. पायऱ्या किती आहेत, कठडा कुठे आहे, व्हीलचेअर कुठून आत येईल, स्वच्छतागृह किती लांब आहे, हे सगळं आधीच कळतं. आजोबांना कमी ऐकू येत असेल तर धर्मगुरू कुठे उभे राहतात आणि आवाज कोणत्या बाकापर्यंत नीट पोचतो ते पाहून त्यांची जागा हेरून ठेवा. फोटो काढायला परवानगी आहे का, कुठून काढायचे, तेही विचारून घ्या.

हे कामाचं झालं. पण तिथे थोडं रेंगाळा. बाप्तिस्म्याचं कुंड जवळून बघू द्या. अनेक जुनी कुंडं अष्टकोनी असतात, कारण ख्रिस्ती परंपरेत आठवा दिवस हा पुनरुत्थानाचा, नव्या आयुष्याचा मानला जातो. घरात बाळाचं मोठं भावंड असेल तर आजीचं बोट धरून त्याला कुंडाच्या बाजू मोजू द्या. पास्काची, म्हणजे ईस्टरची, उंच मेणबत्तीही दाखवा. बाळाची मेणबत्ती तिच्यावरूनच पेटवली जाते. समारंभाच्या दिवशी मग त्या लहानग्याला कशाकडे बघायचं ते ठाऊक असतं आणि ते चुळबुळ कमी करतं.

याच चर्चमध्ये बाळाच्या आईचा, वडिलांचा किंवा खुद्द आजोबांचाच बाप्तिस्मा झाला असेल तर एक गोष्ट आवर्जून करा. कॅथलिक चर्चमध्ये प्रत्येक बाप्तिस्म्याची नोंद वहीत होते. मुलाचं नाव, आई-वडील, धर्ममाता-धर्मपिता, संस्कार देणारे धर्मगुरू, तारीख, जागा असं सगळं त्यात असतं. कार्यालयाला आधी कळवून ती जुनी नोंद पाहायला मिळेल का ते विचारा. आपल्या आई-वडिलांची नावं शाईत लिहिलेली बघताना आजोबा ज्या गोष्टी सांगू लागतात, त्या घरी विचारून निघत नाहीत.

३. बाकीची ठिकाणं बाक बघून निवडा

प्रेक्षणीय काय आहे हा प्रश्न नंतरचा. आधी बघायचं ते बसायला पाठ असलेला बाक आहे का, त्यावर सावली आहे का आणि तिथून स्वच्छतागृह किती लांब आहे. हाताला टेकू असलेला बाक सर्वांत चांगला. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसणं जमतं, उठताना आधार लागतो. वाट सपाट हवी. खडी किंवा वाळू असेल तर बाबागाडीची चाकं रुततात आणि काठी घसरते.

एखादी बाग, पाण्याकाठची पायवाट, संग्रहालयाचं एखादंच दालन अशा जागा चांगल्या. जमलं तर आदल्या दिवशी घरातल्या एकाने जाऊन यावं. उद्वाहक चालू आहे की नाही हे फोटोंवरून समजत नाही.

बाहेर खायला बसणार असाल तर ज्यांना ऐकायला कमी येतं त्यांची पाठ भिंतीकडे येईल अशी कोपऱ्यातली जागा मागा. मागून येणारा गोंगाट कमी झाला की ते बोलण्यात सामील होतात, नाही तर नुसते हसून मान हलवत राहतात.

४. घड्याळ बाळाच्या दुधाला बांधा

बाळाचं दूध झालं, लंगोट बदलला की निघायचं. पुढचं दूध होईपर्यंतचा वेळ, जाणं-येणं धरून, ही तुमची मर्यादा. घरी पोचायला अर्ध्या तासापेक्षा जास्त लागत असेल तर दूध पाजायला आडोसा असलेली जागा तिथेच बघून ठेवा. आजी-आजोबांच्या औषधांच्या वेळाही याच कागदावर लिहा.

ऊन असेल तर सकाळी लवकर नाही तर संध्याकाळी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला थेट ऊन लागू देऊ नका. त्याच्या त्वचेला क्रीमपेक्षा सावली आणि सैल सुती कपडे बरे. बाबागाडीवर चादर किंवा ओढणी टाकून ऊन अडवू नका, आत हवा कोंडून उकडतं. या वयात वरचं पाणीही द्यायचं नाही, आईचं दूध किंवा बाळांसाठीचं पावडरचं दूधच पुरतं. उलट वय झालेल्यांना तहान लागल्याचं लवकर जाणवत नाही, म्हणून त्यांना मात्र न विचारता पाण्याची बाटली पुढे करत राहा.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप आला तर फेरी तिथेच सोडून डॉक्टर गाठा. घरातल्या कोणाला सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी बाळाचे पापे घेणं बंद, आजीलासुद्धा. हे सांगताना जीवावर येतं, पण सांगायलाच हवं. डांग्या खोकल्याच्या लशीबद्दल आजी-आजोबांनी येण्याआधीच आपल्या डॉक्टरांशी बोलावं. लस घ्यायची ठरली तर ती बाळाला भेटण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावी.

५. गाडीतल्या जागा निघण्याआधी वाटा

बाळ मागे तोंड करून बसवलेल्या स्वतःच्या सीटमध्येच, कोणाच्या मांडीवर नाही. अंतर थोडं असलं आणि आजीने कितीही आग्रह केला तरीही. पुढची सीट गुडघेदुखी असणाऱ्याला द्या. माणसं जास्त होत असतील तर दोन गाड्या करा. बंद उभ्या गाडीत बाळाला किंवा थकलेल्या आजोबांना ‘पाच मिनिटं’ म्हणूनही ठेवू नका. उन्हात दहा मिनिटांत आतलं तापमान सुमारे १० अंश सेल्सिअसने चढतं.

६. दोन्हीकडचे आजी-आजोबा एकत्र असतील तर

सगळ्यांनी सगळीकडे एकत्रच जायला हवं असं नाही. एक फेरी या आजी-आजोबांसोबत, एक त्या. बाळ कोणाकडे किती वेळ होतं याचा हिशोब कोणी बोलून दाखवत नाही, पण मनात सगळे ठेवतात. म्हणून वाटणी तुम्हीच करा. मोठ्या भावंडासाठीही एक फेरी राखून ठेवा, बाळाशिवाय. आजोबा आणि ते, दोघंच, घराजवळच्या बागेत. इतके दिवस सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असताना त्याला ते फार हवं असतं.

७. फोटो लगेच द्या

प्रत्येक फेरीत एक फोटो बाळ आजी-आजोबांच्या हातात असतानाचा, चेहरे दिसतील इतक्या जवळून. परत निघण्याच्या आदल्या दिवशी कुठेही जाऊ नका. त्या दिवशी निवडक फोटो छापून आणा आणि बाकीचे त्यांच्या फोनमध्येच उतरवून द्या. नुसती लिंक पाठवली तर ती घरी गेल्यावर अनेकांना उघडता येत नाही, आणि पुन्हा विचारायला त्यांना संकोच वाटतो.