त्रिनिदादची दिवाळी आणि दालपुरी: पुरणपोळीचा हात असला तरी आधी हे वाचा

कुकर काढू नका. दालपुरी म्हणजे डाळीचं तिखट सारण भरलेली मोठी, मऊ पोळी, आणि तिची डाळ उघड्या पातेल्यातच शिजवायची असते. हे सगळ्यात आधी सांगते, कारण पुरणपोळी चांगली येणारी बाई नेमकी इथेच चुकते. मीही चुकले होते.

मी मूळची वाईची. नवऱ्याच्या नोकरीमुळे गेली अकरा वर्षं आम्ही कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद बेटावर, शग्वानस शहराजवळच्या एका गावात राहतो. आल्यावरच्या पहिल्याच दिवाळीला शेजारच्या आजींनी मला त्यांच्याकडे स्वयंपाकाला बोलावलं आणि येताना डाळ शिजवून आणायला सांगितली. पुरणाच्या सवयीनं मी चार शिट्ट्या केल्या आणि मऊसूत गोळा घेऊन गेले. पहिला उंडा लाटायला घेतला तर पारी फाटून सगळं पोळपाटाला चिकटलं. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचंही तेच. आजी एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी माझं पातेलं गॅसवर ठेवलं, पाणी वाढवलं, लसूण आणि जिरं तेलात काळपट होईपर्यंत तडतडवून वरून ओतलं आणि त्या दिवसाचं वरण करून टाकलं. मग नवी डाळ भिजत घातली आणि मला म्हणाल्या, "बेटी, ही डाळ खायची नाही, भरायची आहे."

आजी हा शब्द मी माझ्या पदरचा वापरत नाहीये. इथे वडिलांच्या आईला आजी आणि वडिलांच्या वडिलांना आजाच म्हणतात, आईच्या आईला नानी. हे शब्द भोजपुरीतून आलेत. ३० मे १८४५ रोजी 'फातेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन इथे पोचलं. तेव्हापासून १९१७ पर्यंत १ लाख ४० हजारांहून अधिक माणसं उसाच्या मळ्यांवर करारानं राबायला आली, त्यातली बहुतेक आजच्या बिहार आणि उत्तर प्रदेशातली. त्यांची पतवंडं-खापरपतवंडं आज इंग्रजीच बोलतात, पण ओट्याशी उभी राहिली की 'तवा', 'बेलना', 'चौकी' हेच शब्द तोंडात येतात. उंड्याला ती 'लोया' म्हणतात, उलथन्याला 'डाबला', फोडणी देण्याला 'चुंके'. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाईतल्या घराची इतकी आठवण आली की काही काळ बोलवेना.

तर आता दालपुरी. आठ ते दहा होतील असं माप देते.

दीड वाटी पिवळ्या वाटाण्याची डाळ घ्या. इथे हीच वापरतात. मैदा चार वाट्या, बेकिंग पावडर तीन चहाचे चमचे, लसणाच्या चार पाकळ्या, अर्धा चमचा हळद, मीठ आणि दोन मोठे चमचे जिरं. कणकेची दालपुरी मी करून पाहिली आहे, ती लाटताना कडेला चिरते. पहिल्यांदा तरी मैदाच घ्या. तिखटाला इथे एक बुटकी, गोल, फार जहाल आणि सुंदर वासाची मिरची मिळते. आपल्याकडे दोन हिरव्या मिरच्या पुरतील.

डाळ दोन-तीन तास भिजवा. भरपूर पाण्यात हळद, मीठ आणि लसणाची एक पाकळी घालून उकळायला ठेवा. वीसेक मिनिटांनी एक दाणा चिमटीत धरून दाबा. तो मोडला पाहिजे, पण लगदा होता कामा नये. बोटाला रवाळ लागेल, मधोमध किंचित कचकच राहील. तो क्षण आला की लगेच चाळणीत ओता. भिजलेली डाळ कधी पंधरा मिनिटांतच तयार होते, म्हणून गॅसजवळून हलू नका. खालचं पिवळं पाणी टाकू नका, भाजीत छान लागतं.

यानंतर ज्याची घाई होते ते काम: डाळ कोरडी करणं. पसरट ताटात सुती कापड घालून त्यावर डाळ पसरा आणि पंख्याखाली निदान अर्धा तास ठेवा. तळहातावर घेतली तर ओल लागता कामा नये. आजींकडे टेबलाच्या कडेला घट्ट बसवायचं हातानं फिरवायचं लोखंडी दळणयंत्र आहे. त्यातून डाळ अशी पडते, जशी जात्यातून भरड पडावी, सुटी आणि पिवळीधमक. मिक्सरमध्ये करणार असाल तर थोडी थोडी घ्या आणि थांबत थांबत फिरवा. एक अख्खा दाणा राहिला तरी तो लाटताना पारी फाडतो, म्हणून शेवटी चाळून घेतलेली बरी. सारणाची मूठ वळली तर आकार राहावा आणि बोटानं टोकरलं की सुटी व्हावी. पुरणासारखी गोळाबंद झाली तर ओल आहे. तसं झालं तर कोरड्या कढईत मंद आचेवर परता, सुधारते.

जिरं मात्र मनापासून भाजा. आपण बदामी रंगावर थांबतो, इथे ते गडद तपकिरी होईपर्यंत, घरभर धुरकट वास सुटेपर्यंत भाजतात. 'गीरा' म्हणतात त्याला, आणि दालपुरीचा सगळा जीव त्या गीऱ्यात आहे. त्याची पूड, ठेचलेला लसूण, बारीक चिरलेली मिरची आणि लागेल तसं मीठ डाळीत मिसळा. सारण जरासं खारटच वाटायला हवं, कारण वरचा मैदा अळणी असतो.

मैदा सैलसर भिजवा, पुरणपोळीच्या कणकेइतका नाही, पण फुलक्याच्या कणकेपेक्षा नक्कीच सैल. तिंबायचा नाही. गोळा झाला की वरून तेलाचा हात फिरवून अर्धा तास झाका. मग लोये करा, लिंबापेक्षा बरेच मोठे. प्रत्येकाची वाटी करा, कडा पातळ आणि बूड जाड. तीन ते चार मोठे चमचे सारण दाबून भरा आणि कडा वर ओढून मोदकासारख्या एकत्र आणून चिमटा. तोंड खाली करून ताटात ठेवा आणि पुन्हा वीस मिनिटं झाका. ही दुसरी विश्रांती मी एकदा घाईत टाळली होती. त्या दिवशी एकही दालपुरी धड गोल झाली नाही, ताणली की मागे सरकायची.

लाटताना भरपूर पिठी घ्या आणि लाटणं मधून कडेकडे न्या. आपण पुरणपोळी लाटतो तसाच हलका हात, इथे तुमची सवय कामी येईल. जेवणाच्या ताटाएवढी मोठी होते. तवा मध्यम गरम हवा. टाकल्यावर अर्ध्या मिनिटात बारीक फोड येतात, तेव्हा उलटा. वर तेल लावा, पुन्हा उलटा, त्या बाजूला तेल लावा. आता ती फुगते. सगळी मिळून दोन मिनिटं, जास्त नाही. खरपूस करायचा मोह आवरा. दालपुरी मऊ, लवचिक राहिली पाहिजे, कारण तिच्यात भाजी गुंडाळून खायची असते. काढली की घडी घालून चौपदरी करा आणि जाड कापडात गुंडाळत जा. कापडातल्या वाफेनंच ती मऊ होते.

सोबत काय? दिवाळीच्या दिवशी इथे हिंदू घरांत मांस-मासे शिजत नाहीत, कित्येक जण काही दिवस आधीपासूनच सोडतात. छोले-बटाट्याची रस्साभाजी, लाल भोपळ्याची गोडसर भाजी, कैरीची तिखट-गोड भाजी आणि 'डशीन'ची भाजी. हा डशीन म्हणजे आपलं अळू! नारळाच्या दुधात, लसूण घालून शिजवतात. त्याच पानांना डाळीचं वाटण लावून, गुंडाळी करून, कापून तळलेली 'सहीना' म्हणजे आपल्या अळूवडीची सख्खी बहीण. कोथिंबिरीच्या जागी इथे लांब, करवती कडेच्या पानांची 'शॅडो बेनी' घालतात. वास कोथिंबिरीचा, पण कितीतरी उग्र. ती नसेल तर कोथिंबीर देठांसकट वाटून घ्या. गोडाला खीर आणि 'कुरमा'. कुरमा म्हणजे आल्याच्या वासाची, पाकात घोळलेली जाडसर लांबट शंकरपाळीच. वाढायला सोहारीचं रुंद हिरवं पान असतं. आपल्याला केळीचं पान चालेल.

भाज्या सकाळीच उरकून ठेवा, दालपुऱ्या दुपारी, म्हणजे संध्याकाळ दिव्यांसाठी मोकळी राहते. इथली दिवाळी एका रात्रीची, लक्ष्मीपूजनाची. १९६६ पासून त्या दिवशी देशभर सार्वजनिक सुट्टी असते, आणि रात्री सगळ्या धर्मांची माणसं गाड्या घेऊन गावोगावचे दिवे पाहायला निघतात. अंगणात बांबूच्या कमानी उभारतात. तुम्हाला छोटी कमान करायची असेल तर बांबू ओला, हिरवा घ्या, वाळलेला वाकवताना फुटतो. उभा चिरून दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या काढा आणि वाकवून दोन्ही टोकं उभ्या खांबांना तारेनं बांधा. दिवे ठेवायच्या आडव्या पट्ट्यांची आतली बाजू वर करा, पाठीवरून पणती घसरते. मातीच्या नव्या पणत्या आदल्या दिवशी दोन-तीन तास पाण्यात बुडवून वाळवा, नाहीतर त्या अर्धं तेल पिऊन टाकतात. इथे खोबरेल तेल घालतात. पहिल्या वर्षी मी तीळतेल घेऊन गेले तेव्हा आजींनी तेही आनंदानं ओतून घेतलं.

दिवाळीत इथला पावसाळा संपलेला नसतो. म्हणून वाती लावण्याआधी आकाशाकडे बघतात आणि जास्तीच्या वाती, काड्यापेटी, तेलाची बाटली पायरीवर तयार ठेवतात. सर आली की पोरं धावत पणत्या व्हरांड्यात आणतात, थांबली की पुन्हा मांडतात. गेल्या वर्षी आम्ही तीनदा मांडल्या.

येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात डबा द्यायचा असतो, म्हणून मोजून करू नका. दहा माणसं जेवणार असतील तर वीस दालपुऱ्या करा. डब्यात दालपुरी खाली, भाजी वेगळ्या वाटीत, कुरमा कागदाच्या पुडीत. उरलेल्या दालपुऱ्यांमध्ये कागद घालून फ्रीजरमध्ये ठेवा. महिनाभरानंही ओल्या कापडात गुंडाळून तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर गरम केल्या तर तशाच मऊ होतात. घडी मात्र गरम झाल्यावरच उघडा. थंड असताना उघडलीत तर घडीवर तुटते आणि सगळं सारण ताटात सांडतं.